माळ, विहीर आणि टिटवी: मराठवाड्यातल्या पर्यावरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालाघाटाच्या पट्ट्यातल्या शाळांत, ग्रामसभांत आणि बऱ्याचदा चहाच्या टपरीवर मला जे प्रश्न विचारले जातात, ते इथे उतरवून ठेवले आहेत. प्रश्न लोकांच्याच तोंडचे आहेत. पुस्तकात पर्यावरण म्हटलं की धबधबा, घनदाट जंगल आणि वाघ असतो. आपल्याकडे मुरमाड माळ, काळी माती आणि उन्हाळ्यात तळ गाठलेली विहीर आहे. संकल्पना त्याच आहेत, फक्त त्या आपल्या शिवारात कशा दिसतात ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

परिसंस्था म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

पहिला पाऊस पडून गेल्यावर गायरानात जा आणि शेणाचा एक ताजा पो शोधून त्याच्याजवळ उकिडवं बसा. अर्ध्या तासात माश्या येतात. मग काळे शेणकिडे येतात. त्यातले काही शेणाची गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेतात, तर काही तिथंच खाली बीळ करून शेण जमिनीत ओढतात. त्या बिळातून पावसाचं पाणी मुरतं. किड्यांवर साळुंक्या आणि बगळे टपलेले असतात. वाळवी उरलेला चोथा नेते. पंधरा दिवसांनी त्याच जागेवर गवताचा ठोंब शेजारच्यापेक्षा हिरवा दिसतो आणि तीच गाय तो येऊन खाते.

सजीव, माती, पाणी, ऊन आणि त्यांच्यातली देवघेव, हे सगळं मिळून परिसंस्था. ती शेणाच्या पोएवढी असू शकते आणि गोदावरीच्या खोऱ्याएवढीही. गायीला जंताचं इंजेक्शन दिलेलं असेल, तर त्यातल्या काही औषधांचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. मग पो महिनोन् महिने तसाच वाळून पडलेला दिसतो. एक कडी निघाली की काय होतं, ते बघायला लांब जावं लागत नाही.

पर्यावरण आणि इकॉलॉजी एकच ना?

नाही. पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतीचं सगळं. इकॉलॉजी म्हणजे परिस्थितिकी हे शास्त्र आहे. कोण कुणावर जगतं, कुठे राहतं आणि का राहतं, याचा ते अभ्यास करतं. हा शब्द १८६६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी घडवला. प्लास्टिक गोळा करणं हे चांगलं काम आहे, पण ती इकॉलॉजी नव्हे.

अन्नसाखळी सहावीतच शिकलो. तिचा शेतात काय उपयोग?

मोठा उपयोग आहे. खालच्या पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पायरीवर पोचते, बाकीची जगण्यातच खर्च होते. म्हणून गवत भरपूर, नाकतोडे त्याहून कमी, सरडे त्याहून कमी आणि शिक्रा सगळ्या शिवारात एखादाच. वरच्या पायरीवरचे प्राणी मुळातच थोडे असतात. त्यातले चार मेले तरी पोकळी मोठी होते.

ज्वारीच्या गंजीखाली उंदीर असतात. उंदरांवर धामण आणि गव्हाणी घुबड जगतं. धामण दिसली की आपण काठी घेतो, घुबड दिसलं की अपशकुन म्हणून हाकलतो आणि मग मोंढ्यातून उंदराचं औषध आणतो. ते औषध खाऊन झिंगलेला उंदीर घुबड उचलतं, मग घुबडही मरतं आणि पुढच्या वर्षी उंदीर आणखी वाढतात. विषारी साप आपल्याकडे मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. ते ओळखायला शिकलं तर बाकीचे सुखानं जगतील.

आमच्या गावचा माळ नुसता पडीक आहे. तिथं झाडं लावली तर बिघडलं कुठं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराजही होतात.

माळ पडीक नसतो. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलं म्हणून तो खराब होत नाही, तिथं नांगर चालत नाही एवढाच त्याचा अर्थ. माळ हा गवताळ प्रदेश आहे, स्वतःची वेगळी परिसंस्था आहे. वर दिसतं ते गवत वीतभर, पण मुळांचं जाळं खाली दाट विणलेलं असतं. माती धरून ठेवण्याचं आणि कार्बन जमिनीत साठवण्याचं काम तिथं चालतं. उन्हाळ्यात वर सगळं पिवळं दिसलं तरी खालचा ठोंब जिवंत असतो. मृगाची एक सर आली की आठवड्यात माळ हिरवा होतो. मेलेली जमीन अशी उठत नाही.

शिवाय तिथं राहणारे जीव दाट झाडीत राहूच शकत नाहीत. काळवीट आणि चिंकारा शत्रू लांबून दिसावा म्हणून मोकळ्या रानात राहतात. खोकड, लांडगा, चंडोल, धाविक, माळटिटवी यांचंही तसंच. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, माळावर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. एकेकाळी लोक माळढोक बघायला लांबून यायचे, आता तिथे तो दिसणं जवळपास थांबलं आहे. माळ तुटत गेले, मधून विजेच्या तारा गेल्या आणि वजनदार, समोरचं नीट न दिसणारा तो पक्षी तारांवर आदळून मरत राहिला.

काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका गायरानात मोठा वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. मीही खड्ड्यापाशी उभा राहून फोटो काढून घेतला, हे कबूल करतो. जेसीबीनं ओळीनं खड्डे मारले आणि निघालेला मुरूम बाजूच्या गवतावर टाकला. गिरिपुष्प आणि गुलमोहराची रोपं लावली. पहिला उन्हाळा टँकरनं कसाबसा निघाला, दुसऱ्यात कुणी फिरकलं नाही. रोपं गेली. खड्ड्यांचं एकवेळ सोडून देऊ, पण ज्या गवतावर मुरूम पडला तिथं पुढची दोन वर्षं पवन्या आणि मारवेल आलंच नाही, नुसती तरवड आणि गाजर गवत माजलं. दर पावसाळ्यानंतर तिथं मेंढरं घेऊन येणारा धनगर मला म्हणाला, “सर, झाडं आली नाहीत ती नाहीत, आमचं गवत कशाला नेलं?” त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मराठवाड्यात झाडं लावायचीच नाहीत का?

लावा की. बांधावर, ओढ्याकाठी, पांदण रस्त्याच्या कडेला, शाळेत, गावठाणात आणि जिथं पूर्वी झाडी होती आणि तुटली तिथं. लिंब, बाभूळ, बोर, चिंच, पळस, हिवर, करंज, उंबर, सीताफळ. यांना इथला उन्हाळा नवा नाही. बालाघाटाच्या डोंगरउतारावर सीताफळ कुणी पाणी न घालता येतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

गावात माळ असेल तर तिथं एक सोपा उपाय करून बघा: एक तुकडा दोन वर्षं चराई आणि आगीपासून राखा, बाकी काही करू नका. बोर आणि हिवराची रोपटी आपोआप उगवतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं. आधी गवत, मग झुडपं, मग तुरळक झाडं, अशी जी हळूहळू भर पडत जाते तिला अनुक्रमण म्हणतात. ती कुठे थांबायची ते पाऊस आणि माती ठरवतात. मुरमाड माळावर ती बहुधा गवत आणि तुरळक बाभळींपाशीच थांबते, तेच त्या जागेला शोभतं.

वेडी बाभूळ हिरवीगार असते, बकऱ्या शेंगा खातात, जळण मिळतं. तिला का नावं ठेवता?

ती मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात भारतात आणली, सरपणासाठी आणि उघड्या जमिनी झाकण्यासाठी. इथं तिला आवर घालणारा किडा किंवा रोग फारसा नाही. शेळी शेंगा खाते आणि लेंडीतून बी गावभर पेरते. तिच्याखाली गवत फारसं वाढत नाही. बाहेरून आलेली आणि इथल्यांना हटवून पसरत जाणारी अशी जात म्हणजे आक्रमक परकी प्रजाती. परकी असलेली प्रत्येक गोष्ट आक्रमक नसते. मिरची, टोमॅटो आणि सीताफळसुद्धा बाहेरचंच आहे, पण ते शेत सोडून माळ गिळत नाहीत.

गाजर गवताची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या गव्हातून बी आलं असं मानतात आणि पहिली नोंद पुण्याची. त्यावरचा मेक्सिकन भुंगेरा परभणीच्या कृषी विद्यापीठातून नेऊन सोडता येतो. भुंगेरे पावसाळ्यातच काम करतात, उन्हाळ्यात नेलेत तर पैसे वाया.

जलपर्णीचं प्रकरण वेगळं आहे. ती उपसून काढण्यावर दरवर्षी खर्च होतो आणि ती दरवर्षी परत येते, कारण नदीत सांडपाणी जातंय. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खत. गटार चालू ठेवून जलपर्णी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आमच्याकडे पाऊस पडतो तरी मार्चमध्ये टँकर का लागतो?

इथं थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. एका एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर. आपल्याकडे सर्वसाधारण वर्षी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर एका एकरावर २८ लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे २८३ टँकर, एका एकरावर.

आता आठवा एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं, पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणायला लागली. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर बघितली. आणि ती पूर्ण भरलेली गाडी म्हणजे आपल्या एका एकरावर वर्षभरात पडणाऱ्या पावसापेक्षा कमी पाणी.

मग २८ लाख लिटर जातं कुठं? काही वाहून जातं, काही पिकं आणि गवत पितात आणि बरंचसं वाफ होऊन उडतं. उघड्या तळ्यातून वर्षाला पुरुषभर पाण्याची वाफ होते. जमिनीत खोल मुरून विहिरीला मिळतं ते शंभर लिटरमधलं दहाच्या आतबाहेर.

आणि मुरलेलं पाणी राहतं कुठं, हेही समजून घेतलं पाहिजे. आपल्याखाली बसाल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर. विहीर खोदताना तुम्ही बघितलंच असेल: वर काळी माती, मग मुरूम, मग फुटलेला मांजऱ्या खडक आणि त्याखाली घणानं ठिणगी उडेल असा काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. शंभर घनफूट मुरूम असला तर त्यातून हाती लागणारं पाणी एक ते तीन घनफूट. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. आपली भूगर्भातली टाकी मुळातच उथळ आणि छोटी आहे. एका चांगल्या पावसात ती भरते आणि दोन-तीन महिन्यांच्या उपशात रिकामी होते. म्हणून ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत आटते. यात विहिरीचा दोष नाही.

विहीर आटली म्हणून बोअर पाचशे-सातशे फूट नेला. तिथं तर पाणी लागतं?

लागलं तर लागतं. खोलवरच्या भेगेत अडकलेलं पाणी मिळतं, पण ते फार हळू भरलेलं असतं आणि उपसा झटपट होतो. म्हणून पहिल्या वर्षी अडीच इंची पाणी देणारा बोअर तिसऱ्या वर्षी फुसफुसतो. शिवाय खोल बोअरमुळे वरच्या थरातलं पाणी खाली पाझरून शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते, ही भांडणं गावोगाव चालू आहेत. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विंधन विहिरीला मनाई आहे. हे ऐकून गावात लोक हसतात. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते.

एक काम मात्र फुकटात होतं. विहिरीच्या काठाला दोरी बांधा, दर हातावर गाठ मारा आणि पौर्णिमेला-अमावास्येला पाणी किती गाठी खाली आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मी बारा वर्षं लिहितोय. पेरणी रब्बीची करायची की नाही, हे मला दिवाळीच्या आधी कळतं.

उसावर एवढी टीका का? तेवढंच एक पीक पैसा देतं.

पैसा देतं हे खरंच आहे, आणि हमखास खरेदी होणारं दुसरं पीक आम्ही शेतकऱ्याला दिलेलं नाही. तरी हिशेब हिशेबच. उसाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आपल्या एकरावर पडतं २८ लाख, तेही सगळं हाती लागत नाही. उरलेलं धरणातून किंवा शेजाऱ्याच्या भूजलातून येतं. तूर, ज्वारी, करडई ही पिकं जवळपास पडलेल्या पावसावर निघतात.

ठिबकनं बचत होते, यात शंका नाही. पण मी बघितलंय ते असं: ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर दुसरा एकर ऊस लागतो. एखाद्या जागेचं पाणी, चारा, माती किती माणसं-जनावरं-पिकं कायमची पोसू शकते, त्याला धारणक्षमता म्हणतात. ती पाइपनं वाढत नाही.

नदी-नाल्याचं खोलीकरण करावं की नाही?

गाळ काढावा. तलावाचा गाळ तर जरूर काढावा आणि हलक्या जमिनीवर पसरावा. पण नाल्याचा तळ फोडून खालचा मुरूम उकरायला लागलात तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या चारीत पाझरतं आणि उन्हात उडून जातं. वाळू काढली की पाणी धरून ठेवणारी जागाच गेली. माथ्यावर समतल चर, उतारावर बांध, शेवटी बंधारा: ‘माथा ते पायथा’ हा क्रम कंटाळवाणा आहे आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून सुरुवात नेहमी पायथ्याशी जेसीबीनंच होते.

माती वाहून गेली तर परत तयार होत नाही का?

होते, पण तुमच्या नातवाच्या नातवासाठी. इंचभर मातीला शेकडो वर्षं लागतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातल्या कितीतरी वावरांतली काळी माती खरवडून गेली आणि खाली उघडा मुरूम राहिला. पीक गेलं तर पुढचा हंगाम असतो.

धुरे (शेताचे बांध) पेटवले तर कचरा आणि किडी जळतात. चूक काय?

किडी तर जळतातच, पण त्यांना खाणारे कोळी, बेडूक, सरडे, तित्तराची पिलंही जळतात. बांधावरच्या बाभळीच्या बुंध्याची साल एका बाजूनं काळी पडते आणि तीन-चार उन्हाळ्यांत झाड वाळतं. मुद्दाम तोडलं असं कुणी म्हणू शकत नाही. काही ठिकाणी ते तेवढ्यासाठीच केलं जातं. उसाचं पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचा भुसा यांना आता गिऱ्हाईक आहे, निदान कुजवून तरी टाका.

रोही (नीलगायी) आणि रानडुकरं उभं पीक खातात. शेतकऱ्यानं संवर्धन का करायचं?

रात्रभर माळ्यावर बसून हुरडा राखणाऱ्या माणसाला जैवविविधतेवर व्याख्यान देणं मला जमत नाही. त्याचा राग खरा आहे. वन विभागाकडून पीक नुकसानीची भरपाई मिळते. पंचनामा लवकर व्हायला हवा, म्हणून नुकसान दिसताच त्याच दिवशी अर्ज करा, फोटो काढा.

पण हे का झालं, तेही बघा. गायरानं अतिक्रमणात गेली, ओढ्याकाठची झुडपं साफ झाली, म्हणजे त्यांचा अधिवास संपला आणि शेतातच त्यांचं ताट वाढलं गेलं. दुसरीकडे त्यांची पिलं उचलणारा लांडगा आपण बहुतेक ठिकाणी संपवला. काळवीट आणि लांडगा दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारला, तार लावली, वीज सोडली तर गुन्हा. कुंपणात सोडलेल्या विजेनं आमच्या तालुक्यात माणसंही गेली आहेत.

गिधाडं कुठं गेली?

साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, मेलेलं बैल गावाबाहेर ओढून टाकलं की तासाभरात आभाळातून उतरायची. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरात उरायचं, ते खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. १९९० नंतर भारतातल्या काही जातींची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवपेक्षा जास्त संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे भरून यायला काळ लागणार. मधल्या काळात त्या मढ्यांवर मोकाट कुत्री वाढली. निसर्गातली रिकामी जागा कुणीतरी भरतंच, फक्त आपल्याला हवा तो भरेल असं नाही.

मराठवाड्यात अभयारण्यं आहेत का? वाघ आहे का?

राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प नाही. अभयारण्यं आहेत: कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट, पैठणचं जायकवाडी, बीडचं नायगाव मयूर, धाराशिवचं येडशी रामलिंग घाट आणि नांदेडच्या कडेला पैनगंगा. राष्ट्रीय उद्यानात चराई किंवा शेतीला परवानगी नसते, अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात.

जायकवाडीचं मला विशेष वाटतं. नाथसागर हा तिथला जलाशय माणसानं बांधलेला, धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि दहा वर्षांत, १९८६ ला, ते पक्षी अभयारण्य झालं. पाणी उथळ आणि पसरट आहे. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरतं तसा गाळ उघडा पडतो, लोक त्यात गाळपेर करतात आणि त्याच ओल्या कडांवर रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब चरतात. पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे, हे पटवायला तिथं एक जानेवारीची सकाळ पुरते.

वाघाचं म्हणाल तर २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या कॅमेऱ्यात वाघ आला, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. येडशीचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. त्याआधी टिपेश्वरचाच एक वाघ गौताळ्यात पोचला होता. एवढं अंतर तो कसा आला? ओढ्याकाठच्या झाडीतून, उसाच्या फडातून, डोंगररांगेच्या कडेनं, रात्री. या वाटांना भ्रमणमार्ग म्हणतात. नाल्याकाठची झुडपं कचरा वाटतात तेव्हा हे ध्यानात ठेवा.

संरक्षण, जतन आणि संवर्धन यात फरक आहे का? आणि आमची गाय त्यात येते का?

जतन म्हणजे आहे तसं, हात न लावता ठेवणं, देवराईसारखं. संरक्षण म्हणजे नुकसानीपासून वाचवणं, कायद्यानं किंवा राखणीनं. संवर्धन म्हणजे वापरत वापरत टिकवणं आणि वाढवणं.

गाय येते. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या दोन जाती, उस्मानाबादी शेळी, गावरान तूर, दगडी ज्वारी, हीसुद्धा जैवविविधताच आहे. लाल कंधारी बैल कडब्यावर राहतो आणि मे महिन्यात औत ओढतो. हा गुण विकत मिळत नाही. पण ती गाय फोटोत नाही, गोठ्यात असेल तरच टिकते.

झाड तोडायला परवानगी लागते का? स्वतःच्या शेतातलं?

महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ खाली ठरावीक झाडांना लागते: साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन, हळदू वगैरे. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे. आणि जैवविविधता अधिनियम २००२ नुसार तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ग्रामसेवकाला लोक जैवविविधता नोंदवही दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ती दुसऱ्याच गावाची उतरवून काढलेली सापडेल. एकात मला आमच्या कोरड्या ओढ्यात मगर आढळली होती.

अवकाळी, गारपीट, ढगफुटी, हे सगळं हवामान बदलच का?

आजचा पाऊस ही हवा. तीस-तीस वर्षांची तिची सरासरी चाल म्हणजे हवामान. एका गारपिटीवरून, अगदी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या भयानक गारपिटीवरूनही, निकाल लावता येत नाही. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, मग पाऊस कमी दिवसांत आणि जोरात कोसळतो, मधले खंड लांबतात. म्हणजे वर्षाची बेरीज तीच, पण पीक बुडतं. वार्षिक सरासरी वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी खंडाचे दिवस मोजावेत.

टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त होतो म्हणतात. खरं का?

मी तपासलं, माझ्या दोरीच्या गाठींशेजारी त्याचीही नोंद ठेवली. जमलं नाही, काही वर्षी जमलं, काही वर्षी फसलं. पण त्या निमित्तानं मी टिटवी बघायला लागलो. घरटं म्हणजे काहीच नसतं, मुरमात एक खळगा आणि बाजूला चार खडे. त्यात मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. दुपारी दगड हाताला चटका देतात तेव्हा ती अंडी उकडून कशी जात नाहीत, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीवर टँकर उभा होता. बायकांच्या घागरी भरून झाल्या, तोटी गळत होती आणि खाली ताटाएवढं डबकं साचलं होतं. टिटवी चालत आली, डबक्यात बसली, पोटाची पिसं दोन-तीनदा बुडवली आणि निथळत माळाकडे उडाली. मी मागे गेलो. ती अंड्यांवर बसली होती, खालचे खडे ओले झाले होते. वीस मिनिटांनी ती परत टँकरखाली आली.